यजमानाचा मजकूर, पाहुण्याची भाषा : जर्मनभाषक प्रवासी आणि अनुवादित प्रवासी-माहिती

१

एखाद्या देशात परका मनुष्य उतरला म्हणजे त्या देशाचे साहित्य त्याच्या हाती पडण्याच्या कितीतरी आधी तेथील पाट्या, वेळापत्रके, तिकिटांमागील सूचना, भोजनगृहांतील दरपत्रके आणि संग्रहालयांतील परिचयफलक त्याच्यासमोर येतात. यांतील बराचसा मजकूर अनुवादित असतो. काव्याचा अनुवाद शक्य की अशक्य, अनुवादकाने मूळ लेखकाच्या जवळ जावे की वाचकाच्या, या प्रश्नांची चर्चा भारतीय भाषांत विपुल झाली आहे. परंतु ज्या अनुवादाच्या भरवशावर रोज असंख्य माणसे गाडी गाठतात, डोंगर चढतात अथवा देवालयात पाऊल ठेवतात, त्याची चिकित्सा विनोदी सदरांत छापल्या जाणाऱ्या चुकांच्या नमुन्यांपलीकडे क्वचितच गेली आहे.

या प्रकारच्या मजकुराचा विचार करण्यासाठी जर्मनभाषक प्रवाशांचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. त्याची कारणे तीन. पहिले असे की, जर्मन भाषेत प्रवासाची आणि प्रवासी-मार्गदर्शक ग्रंथांची परंपरा जुनी व सलग आहे. दुसरे असे की, व्यावहारिक मजकुराच्या अनुवादाला सिद्धान्ताच्या पातळीवर प्रतिष्ठा देण्याचे कार्य १९७० नंतरच्या दोन दशकांत मुख्यतः जर्मन विद्यापीठांतच घडले. तिसरे कारण इतिहासाचे आहे. विसाव्या शतकात जर्मन भाषा युरोपातील अनेक ठिकाणी पाहुण्याची भाषा म्हणून जाण्यापूर्वी सत्ताधाऱ्याची भाषा म्हणून गेली होती. त्यामुळे तिच्यात केलेल्या साध्या माहितीपर अनुवादालाही कित्येकदा नैतिक प्रश्न चिकटलेला असतो.

२

प्रवाशासाठी लिहिलेल्या मजकुराचे प्रथम दोन वर्ग पाडले पाहिजेत. एक वर्ग प्रवाशाच्याच भाषेत, त्याच्याच समाजातील लेखकाने लिहिलेल्या मार्गदर्शिकांचा. दुसरा, यजमान समाजाने स्वतःविषयी लिहून पाहुण्याच्या भाषेत उतरविलेल्या मजकुराचा.

पहिल्या वर्गाची परंपरा मोठी आहे. ग्योटे १७८६ मध्ये इटलीला गेला तेव्हा त्याच्याजवळ योहान याकोब फोल्कमान याचा इटलीविषयक ग्रंथ होता. १७७०-७१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा जर्मन ग्रंथ बऱ्याच अंशी लालांद या फ्रेंच प्रवाशाच्या लेखनावर आधारलेला होता. म्हणजे जर्मन वाङ्मयातील सर्वांत प्रसिद्ध इटलीयात्रेच्या हाताशी असलेली माहितीही काही प्रमाणात भाषांतरित व उसनी होती. पुढे कोब्लेन्झ येथे १८२७ मध्ये पुस्तकव्यवसाय सुरू करणाऱ्या कार्ल बेडेकर याने मार्गदर्शिकांना शास्त्रशुद्ध रूप दिले. (मराठी आडनावाशी असलेले साम्य केवळ योगायोगाचे होय.) भाड्याचे दर, उतरण्याच्या जागा, पाहण्याजोग्या वस्तूंपुढील तारका, अचूक नकाशे यांमुळे प्रवासी वाटाड्यावाचून फिरू शकेल, ही त्याच्या ग्रंथांमागील दृष्टी होती. या प्रकाशनसंस्थेने १९१४ मध्ये हिंदुस्थानाविषयीही एक ग्रंथ जर्मनमध्ये काढला. सिलोन, ब्रह्मदेश, सयाम आणि जावापर्यंतचा प्रदेश त्यात समाविष्ट होता.

या ग्रंथांत बोलणारा आवाज पाहुण्याचा आहे. वाचकाला काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही, कशाची भीती वाटेल आणि कशाचे नवल वाटेल, हे लेखकाला न सांगता कळते. त्याची मर्यादाही तीच: यजमानाला स्वतःविषयी काय सांगावयाचे आहे, याला तेथे स्थान नसते.

दुसऱ्या वर्गातील मजकूर मोठ्या प्रमाणावर आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. पश्चिम जर्मनीची आर्थिक घडी बसल्यावर १९५० नंतरच्या दशकांत सामान्य जर्मन कुटुंबे आल्प्स ओलांडून इटलीच्या सरोवरांकडे व एड्रियाटिक किनाऱ्याकडे जाऊ लागली. इन्सब्रुकजवळचा 'युरोपा पूल' १९६३ मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि इटलीच्या बाजूचा ब्रेनर महामार्ग १९७४ मध्ये पूर्ण झाला. या मार्गाच्या दोन्ही अंगांस असलेल्या गावांतील लहानमोठ्या व्यावसायिकांना जर्मन लिहिण्याची गरज पडली. 'त्सिमर फ्राय', म्हणजे 'खोली रिकामी आहे', ही दोन शब्दांची पाटी इटलीपासून युगोस्लाव्हियाच्या किनाऱ्यापर्यंत पसरली. आधुनिक हिब्रूत तर 'त्सिमर' हा शब्द ग्रामीण भागातील भाड्याच्या खोलीसाठी नाम म्हणून रूढ झाला आहे. यजमान आता स्वतः पाहुण्याच्या भाषेत बोलू लागला होता. ती भाषा मात्र त्याची मातृभाषा नव्हती, आणि या मजकुराचे बहुतेक प्रश्न येथून उद्भवतात.

३

सर्वांत प्रथम नजरेत भरतात त्या शब्दसाम्यामुळे होणाऱ्या चुका. इटलीतील जुन्या स्नानगृहांत नळावर 'सी' हे रोमन अक्षर असते; ते 'काल्दो' म्हणजे 'गरम' या शब्दाचे आद्याक्षर. जर्मनमध्ये 'काल्ट' म्हणजे 'थंड'. ध्वनी जवळचा आणि अर्थ नेमका उलट, त्यामुळे हात पोळल्यावर प्रवाशाला धडा मिळतो. बसच्या वेळापत्रकातील 'फेरियाले' हा शब्द याहून फसवा आहे. इटालियनमध्ये त्याचा अर्थ 'कामकाजाच्या दिवशी' असा होतो, तर जर्मनमधील 'फेरियेन' म्हणजे सुट्टी. दोन्ही शब्दांचे मूळ लॅटिन 'फेरिया' हेच आहे. ख्रिस्ती पंचांगात आठवड्याच्या सामान्य वारांनाही 'फेरिया' म्हणण्याचा प्रघात पडला आणि एका भाषेने त्याची एक अर्थच्छटा उचलली, दुसरीने दुसरी. या व्युत्पत्तीचे ज्ञान भाषाशास्त्रज्ञाला रमवील. रविवारी सकाळी बसथांब्यावर उभ्या असलेल्या कुटुंबाला मात्र गाडी येणार की नाही एवढेच हवे असते.

वेळ सांगण्याच्या रीतीतही असाच धोका आहे. जर्मनमध्ये 'हाल्ब द्राय', शब्दशः 'अर्धे तीन', म्हणजे अडीच. ब्रिटिश बोलीतील 'हाफ थ्री' म्हणजे साडेतीन. या ठिकाणी मराठी वाचकाला जर्मन रीत परकी वाटू नये, कारण 'अडीच' हा शब्द संस्कृत 'अर्धतृतीय' यापासून आला आहे, आणि 'तिसऱ्याचा अर्धा भाग' ही त्यातील कल्पना जुन्या जर्मनमधील 'द्रिटहाल्ब' या शब्दात जशीच्या तशी आढळते. दीड या अर्थी 'आन्डरटहाल्ब' हा त्याच घडणीचा शब्द जर्मनमध्ये आजही प्रचलित आहे. इंग्रजीच्या मध्यस्थीने केलेल्या अनुवादात हे साम्य उपयोगी पडत नाही, आणि मार्गदर्शित फेरीची वेळ तासाभराने चुकते.

तथापि प्रत्येक चूक शब्दाची नसते. इटलीतील भोजनगृहाच्या दरपत्रकात 'कोपेर्तो' अशी एक रक्कम असते. माणशी पाव, रुमाल व मांडणी यांबद्दल ती आकारली जाते. तिचे शब्दशः जर्मन रूप 'झाकलेले' असे होईल; ते उघडच चूक. 'गेडेक' हा जर्मन शब्द त्या मानाने अचूक, कारण त्याचा अर्थ जेवणाच्या ताटाची मांडणी असा आहे. पण जर्मनीत अशी वेगळी रक्कम घेण्याची रीत सामान्यतः नाही आणि 'गेडेक' म्हणजे काही ठिकाणी ठराविक पदार्थांचे जेवण असाही अर्थ होतो. म्हणून शब्द अचूक असूनही पाहुण्याला आपण न मागितलेल्या पदार्थाचे पैसे लावले असे वाटते, आणि उपाहारगृहाच्या मालकाला पाहुणा विनाकारण हुज्जत घालतो असे वाटते. येथे अनुवादकाने शब्द बदलून भागत नाही. 'माणशी आकार, पावासह' अशी चार शब्दांची भर घालावी लागते. मूळ दरपत्रकात ती नसते, कारण मूळ वाचकाला ती नको असते.

४

ही भर घालण्याचा अधिकार अनुवादकाला आहे काय, हा प्रश्न जर्मन अनुवादविचाराने हाती घेतला. काथारीना राइस यांनी १९७१ मध्ये अनुवादसमीक्षेवरील आपल्या ग्रंथात संहितांचे आशयप्रधान, रूपप्रधान आणि आवाहनप्रधान असे प्रकार मानले आणि प्रत्येक प्रकाराचा अनुवाद वेगळ्या निकषाने तपासावा असे प्रतिपादिले. हान्स फेरमेअर यांनी १९७८ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. त्यांच्या मते अनुवाद ही एक कृती आहे, आणि कोणत्याही कृतीप्रमाणे ती तिच्या प्रयोजनावरून ठरते. या उपपत्तीला 'स्कोपोस' हे ग्रीक नाव मिळाले. राइस आणि फेरमेअर यांचा संयुक्त ग्रंथ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोजनाची ही कल्पना भारतीय वाचकाला नवखी नाही. शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे चार अनुबंध सांगण्याची येथील परंपरा आहे. त्यातील 'अधिकारी', म्हणजे ज्याच्यासाठी ग्रंथ आहे तो वाचक, हाच अनुवादित प्रवासी-मजकुरात बहुधा विसरला जातो.

हान्स ह्योनिग आणि पाउल कुसमाउल यांनी १९८२ मध्ये याला व्यावहारिक मोजमाप दिले. एखाद्या सांस्कृतिक संज्ञेचे स्पष्टीकरण किती करावे, याचे उत्तर त्या संज्ञेत किती अर्थ साठलेला आहे यावर अवलंबून नाही. प्रस्तुत वाचकाला प्रस्तुत प्रसंगी तो मजकूर वापरण्यासाठी जितके हवे तितकेच, असे त्यांचे सूत्र होते. क्रिस्टियाने नोर्ड यांनी मूळ संहितेची साक्ष देणारा अनुवाद आणि नव्या परिस्थितीत स्वतः साधन म्हणून वापरला जाणारा अनुवाद असा भेद केला. शिलालेखाचे भाषांतर पहिल्या प्रकारचे, तर 'पुढे रस्ता बंद' ही पाटी दुसऱ्या प्रकारची. दुसऱ्या प्रकारात वाचकाला हा अनुवाद आहे हे कळण्याचीही गरज नसते.

या विचाराने काय साधले हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. जर्मन सार्वजनिक सूचना बहुधा क्रियापदाच्या मूळ रूपात, कर्त्याचा उल्लेख न करता लिहिल्या जातात: 'स्पर्श करणे नाही', 'हिरवळीवर चालणे नाही' अशी त्यांची घडण असते. त्यात उद्धटपणा नाही. तो त्या भाषेचा फलकांवरील रूढ आविष्कार आहे. मराठीतील 'हात लावू नये', 'येथे थुंकू नये' ही रूपेही अशीच कोणा एकाला न संबोधता सर्वांना लागू होतात. इटालियन वा इंग्रजी फलकावरील विनयाची लांब शब्दयोजना जशीच्या तशी जर्मनमध्ये आणली तर वाचकाला ती विनंती वाटते, नियम वाटत नाही. उलट, जर्मन सूचना शब्दशः इंग्रजीत नेली तर पाहुण्याला दरडावल्यासारखे होते. दोन्ही अनुवाद वाक्याशी प्रामाणिक असतात, पण सूचनेचे काम करीत नाहीत.

५

या मजकुराचे खरे महत्त्व डोंगरात प्रत्ययास येते. इटालियन आल्प्समध्ये पायवाटांची अवघडता दर्शविण्यासाठी तेथील गिर्यारोहण मंडळाची अक्षरपद्धती वापरतात. तीत 'टी' हे रोमन अक्षर सर्वांत सोप्या, सामान्य पर्यटकाच्या वाटेसाठी असते. स्वित्झर्लंडच्या गिर्यारोहण मंडळाची पद्धती 'टी-१' पासून 'टी-६' पर्यंत चढत जाते, आणि तिची शेवटची पायरी अत्यंत अवघड, निसरड्या, खुणा नसलेल्या प्रदेशासाठी आहे. दोन्ही पद्धतींत अक्षर तेच. एका पद्धतीची सवय असलेला वाटसरू दुसरीतील अक्षर पाहून संभ्रमात पडू शकतो. अक्षर हे भाषांतराच्या कक्षेबाहेर आहे असे मानले जाते आणि माहितीपत्रकाचा अनुवादक त्याला हात लावीत नाही. वस्तुतः सर्वाधिक स्पष्टीकरणाची आवश्यकता तेथेच असते.

हिमस्खलनाच्या इशाऱ्यांबाबत मात्र युरोपाने अनुकरणीय कार्य केले आहे. १९९३ मध्ये युरोपीय देशांच्या इशारासेवांनी धोक्याची पाच पायऱ्यांची समान श्रेणी मान्य केली. तोवर एका खोऱ्यातील 'मध्यम' आणि शेजारच्या खोऱ्यातील 'मध्यम' यांचा अर्थ एकच असेल याची खात्री नव्हती. त्यापुढील पाऊल दावोस येथील हिम व हिमस्खलन संशोधन संस्थेने टाकले. वार्तापत्र संध्याकाळी जर्मनमध्ये तयार व्हावयाचे आणि ते तत्काळ फ्रेंच, इटालियन व इंग्रजीत उपलब्ध व्हावयाचे, तर प्रत्येक वेळी नव्याने अनुवाद करण्यास अवधी नाही. म्हणून तेथे वाक्यांचा एक संग्रह आधीच सिद्ध करण्यात आला. प्रत्येक वाक्यातील बदलता येणाऱ्या जागा आणि त्यांतील पर्याय सर्व भाषांत, व्याकरणाच्या जुळणीसह, अगोदर तपासून ठेवलेले असतात. इशारा लिहिणारा या संग्रहातून वाक्ये निवडतो आणि इतर भाषांतील मजकूर त्याच क्षणी तयार होतो. २०१२-१३ च्या हिवाळ्यापासून ही पद्धत वापरात आली. २०१८ च्या डिसेंबरपासून ऑस्ट्रियातील टिरोल आणि इटलीतील दक्षिण टिरोल व त्रेन्तिनो हे तिन्ही प्रांत सीमा ओलांडून एकच संयुक्त वार्तापत्र जर्मन, इटालियन व इंग्रजी या भाषांत काढतात.

या पद्धतीत लेखकाचे स्वातंत्र्य कमी होते. पण जीविताचा प्रश्न असलेल्या मजकुरात ते स्वातंत्र्य सोडण्याजोगेच असते. येथे अनुवादाचा विचार मूळ लेखन होण्याच्या आधी झालेला आहे, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. एरवी अनुवादकाला बोलावले जाते ते पत्रक छापावयास जाण्याच्या आदल्या दिवशी.

६

जर्मनभाषक प्रवासी म्हणजे कोण, हाही प्रश्न सोपा नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया व लिख्टेनश्टाइन या देशांत, स्वित्झर्लंडच्या मोठ्या भागात, तसेच लक्झेंबर्ग, बेल्जियम आणि इटलीच्या काही प्रदेशांत जर्मनला अधिकृत स्थान आहे, आणि या सर्व ठिकाणची प्रमाण जर्मन एकसारखी नाही. जर्मनीतील वाचकाला 'टोमाटे' आणि 'कार्टोफेल' हवेत, तर व्हिएन्नातील वाचकाला 'पाराडाइझर' आणि 'एर्डअॅप्फेल'. जानेवारीला एक 'यानुआर' म्हणतो, दुसरा 'येनर'. ऑस्ट्रिया १९९५ मध्ये युरोपीय संघात सामील झाला तेव्हा खाद्यपदार्थांची २३ ऑस्ट्रियन नावे एका खास जोडपत्राने अधिकृत मानून घेण्यात आली. भाषिक अस्मितेची ही सावधगिरी भारतीय वाचकाला सहज उमगेल. स्विस जर्मनभाषक सायकलीला 'व्हेलो' म्हणतो आणि जर्मनीत दोन 'एस' ऐवजी येणारे विशिष्ट अक्षर तो वापरीतच नाही. 'फिर्टेल द्राय', शब्दशः 'पाव तीन', म्हणजे सव्वादोन, हे पूर्वेकडील व दक्षिणेकडील जर्मनभाषकाला सहज समजते. उत्तरेकडील अनेकांना ते पाऊण की सव्वा याचा उलगडा होत नाही. म्हणून जाणते अनुवादक वेळ अक्षरांत न लिहिता अंकांत लिहितात.

दक्षिण टिरोलमध्ये तर 'परदेश' आणि 'अनुवाद' या दोन्ही कल्पना डळमळतात. हा प्रदेश पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. तेथील बहुसंख्य रहिवाशांची मातृभाषा जर्मन आहे. १९७२ च्या स्वायत्तता-विधानाने तिचे स्थान बळकट केले. व्हिएन्नाहून आलेला प्रवासी येथे राज्यदृष्ट्या परदेशात असतो, पण समोरचा जर्मन मजकूर अनुवाद नसून स्थानिकाची स्वतःची वाणी असते. अनुवाद झाला तो ग्रामनामांचा. एत्तोरे तोलोमेई याने १९१६ मध्ये येथील स्थळनामांच्या इटालियन रूपांची यादी प्रसिद्ध केली, आणि १९२३ मध्ये फॅसिस्ट राजवटीने ती नावे अधिकृत केली. त्यांतील काही नावे आधीच प्रचारात होती, तर अनेक मुद्दाम घडविलेली होती. त्यामुळे दोन नावांची साधी दिशादर्शक पाटी प्रवाशाला सोयीची वाटली, तरी स्थानिकाला तिच्यात एक जुनी जबरदस्ती वाचता येते. अनुवाद निष्पाप असतोच असे नाही, एवढे यावरून दिसते.

७

हे सर्व भारताला कोठे लागू पडते? भारतातील स्थळांविषयीचा जर्मन मजकूर बहुधा मूळ भाषेतून न येता इंग्रजीमार्गे येतो. या मार्गाला मोठा पूर्वज आहे. गेओर्ग फोर्स्टर याने १७९१ मध्ये 'शाकुंतला'चे जे जर्मन भाषांतर केले ते विल्यम जोन्सच्या १७८९ च्या इंग्रजी अनुवादावरून. ते वाचून ग्योटे प्रभावित झाला हे सर्वश्रुत आहे. परंतु फोर्स्टरने जर्मन वाचकासाठी स्पष्टीकरणांचा एक विभाग जोडला होता, ही बाब तितकीशी लक्षात घेतली जात नाही. मध्यस्थ भाषेमुळे पडणारे अंतर त्याने ओळखले होते.

आजच्या माहितीपत्रकांत ती जाणीव दुर्मिळ आहे. 'लेणे' या शब्दाचे उदाहरण घ्यावे. संस्कृत 'लयन', प्राकृत 'लेण' असा त्याचा प्रवास. नाशिक, कार्ले येथील शिलालेखांत 'लेण' हाच शब्द आढळतो. मराठी कानाला त्यात मनुष्याने कोरलेली वास्तू अभिप्रेत आहे. इंग्रजीत त्याचे 'केव्ह' झाले आणि त्यावरून जर्मनमध्ये 'ह्योले'. 'ह्योले' म्हणजे निसर्गनिर्मित गुहा. अजिंठ्याविषयीचे पत्रक वाचणाऱ्या जर्मन प्रवाशाला गुहेत रंगविलेली चित्रे अपेक्षित असतात; स्तंभ, कमानी, स्तूप हे सारे डोंगरातून कोरून काढले आहे, ही मूळ शब्दातच असलेली माहिती वाटेत गळून पडते. 'ह्योलेन-टेंपेल' हा जर्मन सामासिक शब्द ती बरीचशी परत मिळवून देतो. पण तो सुचण्यासाठी अनुवादकाने 'केव्ह'च्या मागे जाऊन 'लेणे' पाहिले पाहिजे.

'टँक' या शब्दाची कथा अशीच. भारतीय इंग्रजीत देवळाच्या पुष्करणीला 'टँक' म्हणतात, आणि या शब्दाचे मूळ शोधताना गुजराती-मराठीतील 'टाके' आणि पोर्तुगीज 'तांक' या दोहोंकडे बोट दाखविले जाते. जर्मनमध्ये मात्र 'टांक' म्हणजे इंधन वा द्रव साठविण्याची टाकी. पवित्र स्नानाच्या जागेचे वर्णन त्या शब्दाने केले की वाचकापुढे धातूची टाकी उभी राहते. पादत्राणे काढण्याच्या सूचनेत 'काढणे' या अर्थी 'एन्टफेर्नेन' हे क्रियापद इंग्रजी 'रिमूव्ह' वरून येते. त्याचा भाव दूर करणे, नाहीसे करणे असा आहे. जर्मन मनुष्य जोडे काढताना 'आउसत्सीएन' म्हणतो. अंकांचेही तसेच: जर्मन लेखनात स्वल्पविराम दशांशचिन्ह असतो आणि हजाराचा गट बिंदूने तोडतात. त्यामुळे '१,५००' ही संख्या जर्मन रीतीने दीड अशी वाचली जाते, आणि लाख-कोटींच्या गटांचे स्वल्पविराम तर त्या वाचकाला कोडेच ठरतात.

८

प्रयोजनानुसार अनुवाद करावा, वाचकाच्या सोयीने भर घालावी, हे तत्त्व मान्य केल्यावर त्याची मर्यादाही पाहिली पाहिजे. ती पोलंडमधील ऑश्विट्झ येथे ठळकपणे दिसते. या ठिकाणी १९४७ पासून स्मृतिसंग्रहालय आहे. तेथील मूळ पाट्या जर्मनमध्ये आहेत: प्रवेशद्वारावरील कुप्रसिद्ध वाक्य, विद्युत्‌भारित कुंपणावरील जीवितधोक्याचा इशारा. इतर सर्व प्रवाशांना त्यांचा अनुवाद लागतो. जर्मनभाषकाला लागत नाही. रोजच्या व्यवहारातील सूचनांची तीच कर्ताहीन वाक्यरचना त्याला येथे भेटते. त्याच्यासाठी लिहावयाच्या माहितीत छळकर्त्यांनी रूढ केलेले सौम्य शब्द, जसे हत्येसाठी 'विशेष वागणूक', हे सामान्य जर्मन शब्द म्हणून सहज मिसळून जाण्याचा धोका असतो. व्हिक्टर क्लेम्पेरर यांनी १९४७ मध्ये नाझी राजवटीच्या भाषेवरील आपल्या ग्रंथात या विषारी शब्दांची नोंद केली होती. असे शब्द अवतरणात ठेवणे आणि प्रत्यक्ष काय घडले ते शेजारी सांगणे, हे येथील अनुवादकाचे किमान कर्तव्य ठरते.

बिर्केनाऊ येथील स्मारकावरील बहुभाषिक फलकांचा इतिहासही बोलका आहे. जुन्या फलकांवर मृतांची संख्या चाळीस लाख दिली होती आणि ज्यूंचा वेगळा उल्लेख नव्हता. १९९० मध्ये ते काढण्यात आले. नंतरच्या फलकांवर सुमारे पंधरा लाख ही संख्या आणि बळी प्रामुख्याने युरोपातील विविध देशांतील ज्यू होते हा निर्देश आला; संशोधकांचा मृतांविषयीचा अंदाज सुमारे अकरा लाखांचा आहे. मूळ मजकुरातील असत्य जुन्या अनुवादांनी निष्ठेने सर्व भाषांत पोहोचविले होते. २००७ मध्ये युनेस्कोने पोलंडच्या विनंतीवरून जागतिक वारशाच्या यादीतील या स्थळाच्या नावातच 'जर्मन नाझी' हा निर्देश घातला, जेणेकरून ही छावणी पोलंडची होती असा समज होऊ नये. पाहुण्याला न दुखावणे हे येथे प्रयोजन होऊ शकत नाही. नोर्ड यांनी १९८९ मध्ये संहितेवरील निष्ठेच्या जागी माणसांप्रतीची बांधिलकी ही कल्पना मांडली. मूळ लेखक, वाचक आणि अनुवाद करविणारा या तिघांनाही अनुवादक उत्तरदायी असतो, असा तिचा आशय आहे. ऑश्विट्झच्या संदर्भात त्यात चौथा पक्ष धरावा लागतो. ज्यांच्याविषयी मजकूर आहे, पण जे बोलू शकत नाहीत, तो हा पक्ष होय.

९

आता हातातील फोन पाटीसमोर धरला की अनुवाद पडद्यावर उमटतो, आणि युरोपीय भाषांच्या बाबतीत तो पुष्कळदा चांगला असतो. 'काल्दो' आणि 'फेरियाले' यांसारख्या फसगती त्यामुळे कमी होतील. परंतु 'कोपेर्तो' ची चार शब्दांची भर, 'टी' या अक्षराचा खुलासा, 'केव्ह' च्या मागील 'लेणे' आणि अवतरणात ठेवावयाचा शब्द, हे पाटीवर लिहिलेलेच नसते. जे लिहिलेले नाही ते वाचकाला हवे आहे हे यजमानालाच ओळखावे लागते.

भारतीय भाषांच्या अभ्यासकांना येथे करण्यासारखे कार्य आहे. स्थळाविषयीचा मजकूर प्रथम त्या प्रदेशाच्या भाषेत सिद्ध व्हावा. त्यातील संज्ञांची स्पष्टीकरणे, संख्या व कालनिर्देश अनुवादाच्या दृष्टीने आधीच ठरवावेत. परभाषेतील मजकूर शक्य तो मूळ भाषेवरून व्हावा आणि त्या भाषेच्या वाचकाकडून जागेवरच तपासून घ्यावा. हेच नियम तमिळनाडूतील देवळात आलेल्या मराठी यात्रेकरूसाठी वा पंढरपुरात आलेल्या कन्नड वारकऱ्यासाठी लावलेल्या पाटीलाही तंतोतंत लागू पडतात. असा मजकूर चांगला साधला तर वाचकाला त्याची आठवणही राहत नाही. त्याला गाडी मिळते, जोडे योग्य जागी निघतात, वाट चुकत नाही, आणि समोर जे आहे ते काय आहे हे कळते.